डाव्या सीटवरचं वजन

११ जानेवारी

आजपासून आत्याबाईची वही वेगळी आणि माझी वेगळी. काल बायको गाडीची वही चाळत होती. तेल किती घातलं, ग्रीस कुठे मारलं, किती मैल झाले, आणि मधेच चार ओळी: "हिचा गुडघा दुखतो आहे, चिडचिड जास्त." वही माझ्यासमोर आपटून म्हणाली, "ब्रेकच्या खाली आणि रेडिएटरच्या वर मला बसवलंत. स्वतःसाठी एक वही आणा, नाहीतर मला त्यातून काढा." म्हणून ही वही.

आत्याबाई म्हणजे आमची गाडी. १९३४ सालची, विलायती, चार जणांची उघडी टूरर. कापडी टप, लांब नाक, लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा. नाव मीच ठेवलं. तिला मान देऊन विचारल्याशिवाय ती काही करत नाही, जरा काही कमी पडलं की रुसते, आणि घरातल्या सगळ्यांनी तिच्यासाठी बाजूला सरायचं असतं. एकतीस वर्षं आहे माझ्याकडे.

माझ्याबद्दल लिहायचं तर अडुसष्ट पूर्ण. चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. लाइनवरचा बिघाड मी नुसत्या कानाने ओळखायचो. बाकीचे मीटर घेऊन खांबावर चढेपर्यंत मी खालून सांगायचो, तिसऱ्या खांबावर ओल आहे म्हणून.

वही सुरू करायला चांगला दिवस नाही खरं तर. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येताना दात दातांवर घासले. गिअरच्या दांडीतून थेट कोपरापर्यंत झिणझिण्या. या आठवड्यातली तिसरी वेळ.

१२ जानेवारी

काल अर्धवट राहिलं. आताच्या गाड्यांचे गिअर आपापसात जुळवून घेतात, आत्याबाईचे नाही. क्लच दाबायचा, दांडी मधे आणायची, क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटर दाबून इंजिनाला आवाज द्यायचा. तो आवाज चढत चढत नेमक्या जागी आला की पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. क्षणभर आधी टाकला तरी घासणार, नंतर टाकला तरी घासणार. शिवाय अॅक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे, त्यामुळे एकतीस वर्षांत कोणी चालवायला मागितली नाही, हा एक फायदा.

हे मला झोपेतही जमायचं. म्हणजे बिघाड गिअरबॉक्समध्येच आहे. दात झिजले असणार. ते गेले तर गेले. असे दात आता कोणी बनवत नाही, आणि दुसरी गिअरबॉक्स जगात कुठे पडून असेल तर मला माहीत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या मंडळाची घाटाची फेरी. चौदा वळणं. सव्वीस वर्षं एकदाही चुकवली नाही.

१७ जानेवारी

व्हॉल्व्ह जुळवले. स्वतःची स्तुती करू नये, पण आज इंजिन जसं चाललं तसं गेल्या एकतीस वर्षांत चाललं नव्हतं. बॉनेट उघडून उभा राहिलो तरी कुठे कुरकुर नाही, टकटक नाही. एवढी शांत! हिला बोलावून ऐकवलं. ती थोडा वेळ इंजिनाकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही खूश आहात ना, मग झालं."

कौतुक करणं हिच्या जिवावर येतं.

१९ जानेवारी

दाराची बेल बदलली. आत्याबाईचा मिस्त्री दहा मिनिटं वाजवत होता म्हणे, आणि मी आतच बसलेलो. उघडून पाहिली, आत सगळं ठीक होतं, तरी बदलली. नवी चांगली दणदणीत आहे, असं शेजारचे म्हणतात.

मुलीचा फोन आला. हल्लीच्या फोनची गंमत वाटते. एवढी प्रगती झाली आणि माणूस विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं. आमच्या वेळी असली लाइन दिली असती तर मेमो मिळाला असता. मी फोन हिच्याकडे दिला. मग दोघी तासभर बोलत होत्या.

२५ जानेवारी

मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवली. हा माणूस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. आत्याबाईला त्याच्याखेरीज कोणाचा हात लागत नाही. तीन दिवस आम्ही दोघं गाडीखाली होतो. एकेक दात रॉकेलने धुऊन उजेडात पाहिला.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "हे बघा. एकाला टवका नाही. आपण जाऊ, हे राहतील."

"मग घासतात कशाला?"

त्याने नवं, जरा दाट तेल घातलं, सगळं परत बसवलं, आणि म्हणाला, "एक चक्कर मी मारून येऊ?" मी शेजारी बसलो. टाकीच्या चढावर त्याने गिअर कधी टाकला ते मला कळलंच नाही. खाली उतरताना तेच. परत आल्यावर मी स्टिअरिंगवर बसलो. पहिल्याच चढाला पुन्हा झिणझिण्या.

आत्याबाई माझ्यावर रुसली आहे, दुसरं काय.

मिस्त्री जाताना नळापाशी हात धूत हिच्याशी बराच वेळ बोलत होता. मी जवळ गेलो तसे दोघं गप्प झाले. गाडी काढून टाका असं सांगायला त्याने हिला पुढे केलं असणार. या वयात माझ्या पाठीमागे माझ्याच घरात कट!

२ फेब्रुवारी

आज नवल झालं. मी निघालो तर ही चप्पल घालून तयार. "मी पण येते. पुढे बसते." सहा-सात वर्षांत ही आत्याबाईत बसलेली नाही. धूळ येते, केस विस्कटतात, पाठ दुखते. मी म्हटलं, चल.

बसली तर बसली, वर सूचना. मी इंजिनाला आवाज दिला की ही "आता!" म्हणून ओरडते, तेही अगदी माझ्या कानाशी.

"अगं, गाडी मी चालवतोय की तू?"

"तुम्हीच. आता!"

पाच वेळा गिअर खाली आणला, पाचही वेळा अलगद पडला. नवं दाट तेल मुरलं. मिस्त्रीला निरोप पाठवला, तेल लागू पडलं म्हणून.

५ फेब्रुवारी

एकटाच गेलो. दोनदा घासला. दुपारचं ऊन होतं. उष्णतेने तेल पातळ होत असणार.

८ फेब्रुवारी

हिच्या चष्म्यासाठी बाजारात. भर दुपारी, पाच तारखेपेक्षा जास्त ऊन. एकदाही घासला नाही. ही पुन्हा "आता, आता" करत होती. मी सवयीने तिच्या तालावर पाय मारू लागलो आहे, ते बंद करायला हवं.

तेलाचा हिशेब काही जुळत नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी, गारव्यात, एकटा. बस थांब्यासमोरच्या चढावर इतका घासला की थांब्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मला लाज वाटली. माझी नाही, तिची. नव्वद वर्षं वय झालेल्या बाईला मी भर रस्त्यात फरफटत नेतोय असं झालं. गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बसून राहिलो.

घरी आलो आणि काचवाल्याला निरोप दिला, गाडी बघून जा म्हणून.

१६ फेब्रुवारी

काचवाला येऊन गेला. मंडळातला आहे. त्याच्याकडे जुन्या गाड्यांचं मोठं दालन आहे, एकेक गाडी काचेआड. आमच्यात त्याला काचवालाच म्हणतात. माणूस वाईट नाही. आत्याबाईभोवती दोन फेऱ्या मारल्या, हात पाठीमागे बांधून, आणि हळू आवाजात काहीतरी बोलला. ही माणसं तोंडातल्या तोंडात का बोलतात? शेवटी कागदावर लिहून दिलं. तिला आता विश्रांती द्या. धूळ लागणार नाही. तेल काढून टाकू, पेट्रोलची टाकी कोरडी करू, पुन्हा कधी इंजिन सुरू करण्याची गरज नाही.

महिनाअखेर सांगतो म्हटलं.

हिने चहा आणून ठेवला. तो गेल्यावर म्हणाली, "खरंच द्यायची आहे?"

"माझ्या हातून मोडायची नाही मला ती. उभी राहिली तरी चालेल, पण शाबूत राहू दे."

"गाडीत काही दोष नाही म्हणाले ना मिस्त्री?"

"दोष नाही तर घासते कशी?"

ती कप उचलून आत गेली. मी आत्याबाईच्या स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसलो. खोटं कशाला लिहू, रडलो. एकतीस वर्षांत हे चाक माझ्या तळव्याच्या मापाचं झालं आहे.

२० फेब्रुवारी

सापडलं!

दोन दिवस ही वही घेऊन बसलो होतो. खात्यात आमचा नियम होता, बिघाड सापडेना तर लाइन सोडा, नोंदी वाचा. रकाने पाडले. तारीख, वेळ, ऊन, तेल, चढ, पेट्रोल. काही जुळेना. मग सहज लक्षात आलं. ज्या ज्या दिवशी गिअर अलगद पडला, त्या त्या दिवशी डाव्या सीटवर कोणीतरी होतं. ही तरी, नाहीतर मीच, मिस्त्री चालवत असताना.

वजन! मी उजवीकडे एकटा बसतो, गाडी उजवीकडे दबते. नव्वद वर्षांची लाकडी चौकट जराशी पिळवटते, तिच्याबरोबर गिअरबॉक्सची बैठक हलते, आणि दात तिरके भेटतात. डाव्या बाजूला वजन आलं की चौकट सरळ. इतकं साधं! मिस्त्रीच्या बापालाही सुचलं नसतं.

हिचं वजन विचारलं. "कशाला?" म्हणाली. सांगितलं नाही. कपाटामागच्या वजनकाट्यावर उभं केलं, बासष्ट किलो.

२१ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

पलीकडे बांधकाम चालू आहे, तिथून वाळू मागून आणली. दोन पोती, मोजून बासष्ट किलो. डाव्या सीटवर ठेवली, दोरीने बांधली. ही थोडी पुढे वाकून बसते म्हणून वरचं पोतं जरा पुढे कलतं ठेवलं. ही आंघोळीला गेली होती, तेवढ्यात निघालो.

टाकीचा चढ. घासला. थांबून पोतं आणखी पुढे सरकवलं. घासला. मागे सरकवलं. घासला. आठ वेळा केलं. आठही वेळा.

परत आलो तर ही फाटकात उभी. गाडीत वाकून बघितलं.

"हे काय?"

"तू."

"काय?"

"तू आहेस ती. बासष्ट किलो. पण उपयोग झाला नाही."

मग सगळी उपपत्ती समजावून सांगितली. चौकट, बैठक, तिरके दात. ती आधी तोंडावर पदर धरून हसली, मग तोही सोडून दिला. हसत हसत गाडीच्या पायरीवर बसली. मला वाटलं अजून हसते आहे, तर ती रडत होती.

मीही तिच्याशेजारी बसलो. तिने माझं तोंड स्वतःकडे वळवलं, दोन्ही हातांनी, लहान मुलाचं वळवतात तसं, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "वजनाने काही होत नाही. मी आता म्हणते म्हणून गिअर पडतो. तुम्हाला इंजिन ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "मला? चाळीस वर्षं मी खात्यात..."

"हो."

"कानाने मी खांब ओळखायचो."

"ओळखायचात."

राग आला. फार राग आला. पोतं सोडून खाली आपटलं, वाळू सगळीकडे झाली. म्हटलं, मग इतके दिवस गप्प का होतीस? तर म्हणाली, दोन वर्षांपूर्वी एकदा म्हटलं होतं, कान दाखवून या. तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला आठवत नाही. पण असेल. तसा आहे मी.

"मिस्त्रीला माहीत आहे?"

"त्यांनीच तर म्हटलं, वहिनी, तुम्ही शेजारी बसा आणि नुसतं आता म्हणा. साहेबांना सांगायची माझी छाती नाही."

म्हणजे कट होताच. मी लिहिलं होतं ते खोटं नव्हतं.

वाळू दोघांनी मिळून झाडली.

२४ फेब्रुवारी

कानाचे डॉक्टर. एका छोट्या खोलीत बंद केलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी काचेतून खूण केली, सुरू करा की. डॉक्टरांनी बाहेरून खूण केली, संपलं.

मग कागद दाखवला. एक रेघ, घाटाच्या उतारासारखी खाली गेलेली. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेत, जाडे आवाज थोडे आहेत. हळूहळू गेलं म्हणून कळलं नाही. डॉक्टर तरुण, स्वभावाने मऊ. माझ्याकडे तोंड करून, सावकाश, फार वाईट बातमी सांगावी तसं सांगत होते. हिने माझा हात धरला होता.

मी विचारलं, "म्हणजे दात शाबूत आहेत?"

डॉक्टर म्हणाले, त्यासाठी खाली दुसरे डॉक्टर बसतात.

जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की ही काळजीने बघायला लागली. मी म्हटलं, "अगं, गाडी ठणठणीत आहे! तिला काही झालेलं नाही. जे काय झालंय ते मला झालंय." ती म्हणाली, "हे ऐकून माणसाने पेढे वाटायचे असतात का?" मी म्हटलं, हो.

संध्याकाळी मात्र थोडा बसलो. बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं आणि हिला म्हटलं, जे ऐकू येतं ते सांग. टकटक, ही म्हणाली. पुढून दुसऱ्या ठिकाणी. एक बारीक शिट्टी, पट्ट्याची असेल. डावं दार खडखडतं. एवढी शांत कधी चालली नव्हती म्हणून मी महिनाभर स्वतःची पाठ थोपटत होतो! आणि हिने त्या दिवशी हे सगळं ऐकलं, आणि मला खूश राहू दिलं.

व्हॉल्व्ह पुन्हा जुळवले. ती ऐकत होती, मी फिरवत होतो.

२६ फेब्रुवारी

काचवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्याने पलीकडून बराच आग्रह केला असावा. मला काहीच ऐकू आलं नाही, त्यामुळे मोह झाला नाही. बहिरेपणाचा हा पहिला लाभ.

१० मार्च

यंत्रं आली, दोन्ही कानांना. कागदी पिशवी एवढा आवाज करते हे मी विसरलो होतो. नळ, चमचे, माझी स्वतःची चप्पल! मुलीशी फोनवर वीस मिनिटं बोललो. आपली मुलगी बोलताना मधेमधे हसते, हे मला आज पुन्हा कळलं.

पण आत्याबाईत बसलो आणि पंचाईत. उघडी गाडी. वीसच्या पुढे वेग गेला की वारा यंत्रात शिरतो आणि पुराचं पाणी कानात घुसल्यासारखं होतं. टप घालून पाहिला, टोपी घालून पाहिली, हिची ओढणी बांधून पाहिली. मिस्त्रीने पाहिलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. शेवटी यंत्रं काढून डबीत घातली.

घाटाला सतरा दिवस.

१४ मार्च

"आता" पुरत नाही. वाऱ्यात तेही ऐकू येत नाही. म्हणून हिने माझ्या डाव्या खांद्यावर बोट ठेवायचं आणि वेळ झाली की दाबायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी भांडण. ती उशिरा दाबते, असं मी म्हणतो. मी पाय जड टाकतो, असं ती. बोललो नाही दोघं, पण सराव चालू ठेवला. न बोलता गाडी चालवायला आता काही अडचण नाही.

१९ मार्च

बारापैकी अकरा.

मी विचारलं, तुला नेमकी जागा कळते कशी? मिस्त्रीला शिकायला दोन वर्षं लागली. म्हणाली, "एकतीस वर्षं स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते आहे. टाकीच्या चढाला तुम्ही गिअर टाकलात की मी चहा ठेवायची. कसा टाकलात त्यावरून दिवस कसा गेला ते कळायचं."

मला वाटत होतं चहा योगायोगाने तयार असतो.

मार्चचा शेवटचा रविवार

बावीस गाड्या. कार्यवाह फॉर्म घेऊन फिरत होते. चालक कोण? मी म्हटलं, आम्ही दोघं. ते म्हणाले, फॉर्ममध्ये एकच जागा आहे. ही म्हणाली, "यांचं लिहा. धक्का मारायची वेळ आली तर माझं नाव नको." काचवालाही होता, नव्या, बंद गाडीत, सगळ्यांच्या मागे. आत्याबाईच्या पुढच्या दिव्यावरून त्याने रुमाल फिरवला.

मंडळींना मी कानांचं सांगून टाकलं. दोघातिघांनी लगेच स्वतःच्या बायकांकडे पाहिलं.

दहा वळणं सुरेख गेली. खांद्यावर बोट, दांडी खाली, बोट, दांडी खाली. मधे मी विचार करायचंच विसरलो. आत्याबाई अशी चढत होती की वाटलं तिलाही कळलंय, आज गाडी हाकायला दोन माणसं आहेत.

अकराव्या वळणावर समोर बस. एक मालमोटार उतरत होती, तिला वाट द्यायला बस जवळजवळ थांबली. वळण सगळ्यात उभं. मागे गाड्यांची रांग. आत्याबाईला तिथे पूर्ण थांबवलं तर पुन्हा उचलत नाही, मागे घसरते. हे मी इतरांचं होताना पाहिलं आहे. एकच उपाय, चालत्या गाडीत दुसऱ्यातून पहिल्यात. हे मी माझे कान चांगले असतानाही फक्त दोनदा केलेलं.

क्लच दाबला, दांडी मधे घेतली, क्लच सोडला, आवाज दिला. बोट हललं नाही. आणखी दिला. वेग माणसाच्या चालीवर आला. बोट हलेना. मला वाटलं, घाबरली. विसरली. बसची मागची काच समोर येत होती, माझा हात दांडीवर शिवशिवत होता. टाकावा का? एकतीस वर्षं माझा हात सांगत होता, टाक. मी टाकला नाही. आणखी आवाज दिला आणि थांबलो.

बोट दाबलं. मी क्लच दाबून गिअर टाकला.

हाताला काहीच लागलं नाही, ना झिणझिणी, ना धक्का. पडला की मधेच राहिला तेही कळेना. मी तिच्याकडे पाहिलं. केस सगळे विस्कटलेले, डोळे समोर बसवर, आणि तोंडभर हसू. म्हणजे पडला होता. मग मी क्लच सोडला.